खान्देशच्या उन्हात जागेवर बसून निसर्गचित्रण : जलरंग सोडावेत का?

शिसपेन्सिल (प्रश्न)

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातील एका शाळेत कलाशिक्षिका आहे. जलरंगातील निसर्गचित्रण हा माझा आवडीचा विषय असला, तरी आजवरची बहुतेक चित्रे मी छायाचित्रांवरून, घरी टेबलावर बसून केलेली आहेत. गेल्या हिवाळ्यापासून रंगपेटी घेऊन बाहेर पडू लागले : कधी तापीच्या काठावर, कधी सातपुड्याच्या पायथ्याशी, तर कधी गावाबाहेरच्या एखाद्या शेताच्या बांधावर. थंडीत काम बऱ्यापैकी जमत होते, पण होळी उलटली आणि सारेच अवघड होऊन बसले.

पहिली अडचण वॉशची, म्हणजे पाणीदार रंगाच्या एकसलग पातळ थराची आहे. आकाशाचा वॉश वरच्या कडेपासून क्षितिजापर्यंत आणेपर्यंत वरचा भाग वाळलेला असतो आणि मध्येच एक कडक रेघ उमटते. ओल्या रंगात दुसरा रंग सोडून दूरचे डोंगर विरघळवण्याची जी पद्धत आपण शिकतो आणि शिकवतो, ती एप्रिलमध्ये इथे चालतच नाही. दुसरी अडचण उजेडाची. रेखाटन पूर्ण होऊन रंग भरायला घ्यावा, तोवर झाडाची सावली बुंध्याकडे सरकलेली असते आणि कोणती सावली खरी धरावी हे कळेनासे होते.

तिसरी अडचण मला सर्वांत जास्त सतावते. पुस्तकांतून आणि व्हिडिओंमधून आपण जी निसर्गचित्रे पाहतो ती कोकणातली, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरची, नाहीतर थेट इंग्लंडमधली असतात. तिथे ओलावा आहे, धुके आहे, हिरव्याच्या कितीतरी छटा आहेत. आपल्याकडे मार्चपासून समोर दिसते ते नांगरून पडलेले काळे रान, पांढरट आकाश, धुळीने माखलेली बाभूळ आणि दूरवर पुसट झालेला डोंगर. हे रंग मिसळायला गेले की पॅलेटवर नुसता चिखल होतो.

एका परिचित चित्रकारांनी जलरंग सोडून तैलरंग घेण्याचा सल्ला दिला आहे. तो कितपत योग्य आहे? उन्हाळ्यात बाहेर बसून काम करण्यात अर्थ आहे का, की ते महिने घरातच काढावेत? आणि जाता जाता आणखी एक : चित्र काढायला बसले की पाच मिनिटांत माणसे जमतात, "काय काढी ऱ्हायनात ताई?" म्हणून विचारपूस होते, आणि एकटीने दूर रानात जाऊन बसणेही प्रशस्त वाटत नाही. आपण सारे हे कसे निभावता?


पांझराकाठ (उत्तर)

ताई, जलरंग सोडू नका, फक्त पाण्याचा हिशेब बदला.

मी धुळ्याचा, आणि आयुष्यभर जलरंगातच काम केले आहे. कागदावरचे पाणी दोन वाटांनी जाते : वरून हवेत उडते आणि खालून कागदात व त्यामागच्या पुठ्ठ्यात मुरते. आपण फक्त वरच्या वाटेला दोष देतो. पॅडचा पुठ्ठा उन्हात तापलेला असला, की तो मागून पाणी ओढून घेतो आणि वॉश मध्येच दगा देतो. म्हणून ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), पूर्ण कापसाचा कागद घ्यावा, जागेवर पोहोचल्यावर तो दोन्ही बाजूंनी सढळ हाताने भिजवावा आणि पुठ्ठ्याऐवजी ॲक्रिलिकच्या पातळ शीटवर अंथरावा. शीट पाणी पीत नाही आणि भिजलेला कागद तिला आपोआप चिकटून बसतो, त्यामुळे टेपचीही गरज राहत नाही. सकाळच्या वेळी असा कागद आकाश आणि दूरचे डोंगर आटोपण्याइतका वेळ नक्की देतो. पुढे तो सुकू लागला, तर कोपरा अलगद उचलून मागच्या बाजूने ओला ब्रश फिरवावा. पाण्यात ग्लिसरीनचे एकदोन थेंब टाकण्याची युक्तीही काही जण सांगतात. ती चालते, पण हात सैल पडला तर रंग दिवसभर चिकट राहतो आणि आपल्याकडची धूळ त्यावर येऊन बसते. मी स्वतः ग्लिसरीनच्या वाटेला जात नाही.

रंग आधी कालवून ठेवण्याबद्दल मात्र कोणतीही सवलत नाही. आकाशाचा वॉश लागेल असे वाटते त्याच्या दुप्पट तयार असला पाहिजे आणि ब्रश आपल्याला भीती वाटेल इतका मोठा असला पाहिजे. वॉश अर्ध्यावर असताना ट्यूब पिळायला बसलात, तर महाबळेश्वरातही रेघ उमटेल.

आता मूळ मुद्दा. एप्रिलमध्ये दूरचा डोंगर विरघळवण्याचा हट्ट आपण का धरावा? धुके आणि भिजलेल्या कडा हे ओल्या प्रदेशाचे दृश्य आहे, आणि ओल्यात ओले ही पद्धत त्या दृश्यासाठी घडलेली आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आकाश वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकाच पांढरट, किंचित पिवळसर छटेचे असते. त्याला फार चढउतार लागतच नाहीत, एक फिकट सपाट वॉश पुरतो. त्याखाली डोंगराची पुसट पट्टी, मग रान, मग झाड, असे वेगवेगळे पॅच शेजारी शेजारी बसवत यावे, एक सुकला की दुसरा. जी कोरडी हवा तुमच्या कागदावर कडक कडा आणते, तीच समोरच्या झाडाची सावली जमिनीवर कापून ठेवते. दोन्हींचा मेळ बसवला, तर उन्हाळ्यातली घाई कमी होते आणि चित्रही इथलेच दिसते. रंगांचा चिखल होण्याचे कारणही मला यातच दिसते : आपण सुकलेल्या दृश्यावर ओल्या दृश्याचे रंग चढवायला जातो, ते जमत नाही, मग एकावर एक थर देत राहतो. आपल्याकडचे काम आधी टोनचे, म्हणजे उजळ-गडदपणाचे आहे, रंगाचे नंतर. तीन टोन बरोबर लागले, तर दोन ट्यूबमध्येही चाळीसगाव ते शिरपूर रंगवता येते.

उजेडाचे गणित एकदा समजून घेतले की बरेच प्रश्न सुटतात. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, हे सगळीकडे सारखेच. पण धुळे-जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. सावली गेली की घडण गेली, मग झाड, टेकडी आणि घर यांचे नुसते चपटे आकार उरतात. याउलट डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच असतो, म्हणजे झाडाची सावली दिवसभरात कधीही झाडाच्या उंचीपेक्षा फारशी आखूड होत नाही. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिवसभर, आणि मार्चपासून सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत किंवा संध्याकाळी पाचनंतर, असा नेम ठेवावा. मेमधली दुपार मी सोडूनच देतो.

सावली कोणती धरायची, तर पहिली. बसल्याबरोबर तळहाताएवढ्या चौकटीत फक्त उजेड आणि सावली यांचा आराखडा मांडावा, मोठ्या कागदावर सावल्यांच्या कडा शिसपेन्सिलने बांधून घ्याव्यात आणि नंतर समोरची सावली कुठेही गेली तरी चित्रातली हलवू नये. रंग पाहण्यासाठी समोर बघावे, आकारासाठी आराखड्याकडे.


लोको शेड (उत्तर)

पांझराकाठ सरांच्या टोनविषयीच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे, मेविषयी मात्र नाही.

मी भुसावळला राहतो आणि तैलरंगात काम करतो. आमच्या गावाचे तापमान मेमध्ये ४५ अंशांच्या आसपास जाते, हे वर्तमानपत्रे दरवर्षी छापतातच. तरीही जागेवर काम करणाऱ्यासाठी या हवामानाची एक मोठी सोय आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही : होळीपासून वळवाचा पाऊस येईपर्यंत एका दिवसाचा उजेड दुसऱ्या दिवसासारखाच असतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंज्या रंगवल्या, तेव्हा तो अनेक कॅनव्हास सोबत ठेवी आणि उजेड बदलला की हातातला बाजूला ठेवून पुढचा घेई. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांचे अनेक अभ्यास केले आणि कित्येकांच्या मागे तारीख, वेळ, वारा यांची नोंद लिहून ठेवली. ढगाळ देशातल्या चित्रकाराला कालचे आकाश आज मिळेलच याची खात्री नसते. आपल्याला एप्रिलमध्ये ती बहुतांशी असते. रोज सकाळी सात ते साडेआठ या वेळात त्याच जागेवर, त्याच चित्रावर आठवडाभर काम करता येते, आणि सावली रोज जवळपास त्याच ठिकाणी सापडते. ही चैन सोडून उन्हाळाभर घरात का बसावे?

राहिली दुपार. दुपारी उन्हात बसू नये, हे खरेच. पण दाट निंबाखाली बसून बाहेर पाहावे. सावलीतून उन्हाकडे पाहताना जवळचा बुंधा, बैलगाडीचे चाक किंवा विहिरीचे जोते गडद आणि बाहेरचे सारे रान फिकट दिसते. सावली पायाखाली गेली म्हणून घडण गेली, हे उघड्या रानापुरते खरे आहे, सावलीच्या आतून काढलेल्या चित्राला ते लागू होत नाही. मेमधली दुपार म्हणजे दोनच टोन, आणि ते मला फार आवडतात.

तैलरंगाविषयी सांगायचे तर तो घ्यावा, पण जलरंग जमत नाही म्हणून नव्हे. जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने १८४१ मध्ये दाबून रंग काढता येणारी धातूची ट्यूब आणली आणि त्यानंतर तैलरंग घेऊन रानात जाणे सोपे झाले. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून न्यावे लागत. आज सहा बाय आठ इंचांचे चारदोन बोर्ड, मोजके रंग आणि एक लहान पेटी एवढ्यावर भागते. तैलरंग उन्हातही तासन्तास ओला राहतो, हा त्याचा फायदा. ओला राहतो म्हणून धूळ आणि किडे चिकटतात, हा तोटा. व्हॅन गॉगच्या ऑलिव्हच्या झाडांच्या एका चित्रात रंगात रुतलेला टोळ असल्याचे अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या संग्रहालयाने २०१७ मध्ये जाहीर केले होते, तेव्हा आपल्या बोर्डावरच्या चिलटांची लाज बाळगण्याचे कारण नाही. धूळ ओल्या रंगावर असताना पुसू नये, रंग पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने झटकावी. ॲक्रिलिक रंगाच्या नादी मात्र उन्हाळ्यात लागू नका. पॅलेटवरच त्याची साय धरते.

शेवटी माध्यम कोणतेही असो, कागद किंवा बोर्ड थेट उन्हात ठेवू नये. उन्हात कागद इतका उजळतो की हात आपोआप गडद रंग कालवतो, आणि घरी आणल्यावर तेच चित्र काळवंडलेले दिसते. छत्री पांढरी किंवा करडी असावी, कारण रंगीत छत्रीची छटा कागदावर पडते. छत्री आणि स्टँड दोन्हींना खाली पाण्याने भरलेली पिशवी किंवा दगड बांधावा, नाहीतर एखादी वावटळ दोन्ही उचलून नेते.


केळीचा बांध (उत्तर)

मी रावेर तालुक्यातला शेतकरी आहे आणि शेतीतून वेळ मिळेल तसा जलरंग करतो. तंत्राविषयी वरील दोघांनी सांगितले आहेच, म्हणून मी फक्त रंगांविषयी लिहितो. ताईंनी ज्याला चिखल म्हटले आहे, तो आमच्या रोजच्या पाहण्यातला आहे.

काळ्या जमिनीला चित्रात काळा रंग लावला की ती मरते. उन्हाळ्यातल्या खोल नांगरटीनंतर जी मोठी ढेकळे पडतात, त्यांच्याजवळ खाली बसून पाहा. फाळाने कापलेली बाजू तासलेल्या दगडासारखी गुळगुळीत असते आणि तिच्यावर आकाशाचा थंड, निळसर करडा रंग उतरतो. हाताने मोडल्यासारखी तुटलेली बाजू खरखरीत आणि उबदार तपकिरी असते. दोन ढेकळांमधल्या फटीत जांभळट गडद असते. पुढे उन्हाने ढेकळांचा वरचा थर फुटतो आणि सारे रान राखाडी दिसू लागते. पहिल्या सरीनंतर तेच रान एकदम गडद होते. मी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) या दोनच रंगांत हे सारे करतो : कापलेल्या बाजूसाठी निळा जास्त, तुटलेल्या बाजूसाठी सिएना जास्त, फटीसाठी पाणी कमी. दोन्ही रंग पॅलेटवर घोटून एकजीव करू नयेत, कागदावरच एकमेकांत मिसळू द्यावेत. चिखल घोटण्याने होतो.

दुसरे, उन्हाळ्यात खान्देशात हिरवा रंग नाही, हे ऐकून मला थोडे वाईट वाटले. रावेर-यावल भागात केळीच्या बागा मेमध्येही हिरव्या असतात. फक्त तो हिरवा ट्यूबमधला नसतो. पानाची वरची बाजू मेणचट असल्याने तिच्यावर आकाश पडते आणि ती बऱ्याच वेळा निळसर, जवळजवळ पांढरी दिसते. तेच पान उन्हाच्या आड आले की पिवळेधमक हिरवे पेटते आणि मधला दांडा व शिरा फिकट रेघांनी उठून दिसतात. खाली लोंबणारी वाळलेली पाने गंजाच्या रंगाची असतात. वाऱ्याने पाने शिरांच्या रेषेत फाटतात आणि त्या चिरांतून पलीकडचे ऊन दिसते. बागेच्या कडेने वारा अडवण्यासाठी शेवरी लावलेली असते. तिची बारीक, झिरझिरीत पाने आणि केळीची रुंद पाने शेजारी शेजारी आली, की चित्राला आपोआप रचना मिळते. बागेच्या आत मात्र भर दिवसा इतका अंधार असतो, की नवखा माणूस तिथे हिरवाच लावत बसतो. तिथे गडद तपकिरी लावून पाहा.

कपाशीविषयी एवढेच, की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बोंडे फुटली की सारे शेत पांढरे रंगवण्याचा मोह होतो. सावलीतले बोंड निळसर करडे असते आणि कागदाचा पांढरा फक्त उन्हातल्या मोजक्या बोंडांसाठी राखायचा असतो. मास्किंग फ्लुइड (कागदाचा पांढरा झाकून ठेवणारे, नंतर सोलून काढायचे द्रव) वापरत असाल तर ते उन्हात फार वेळ ठेवू नये, कारण तापले की कागदाला धरून बसते आणि काढताना कागद सोलतो.

आणि एक विनंती शेतकरी म्हणून. बांधावर बसण्यापूर्वी शेताच्या मालकाला किंवा तिथे काम करणाऱ्या माणसाला विचारावे. कोणी नाही म्हणत नाही, उलट चहा येतो. पण शेजारी फवारणी चालू असेल तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसू नये, एवढे तेच सांगतील.


पळसफूल (उत्तर)

ताई, मीही कलाशिक्षिकाच आहे, नंदुरबारकडची. एकटीने बसण्याच्या प्रश्नाला वरच्या मंडळींनी बगल दिली आहे, म्हणून लिहिते.

मी एकटी दूर रानात जात नाही आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. आम्ही तिघी-चौघी कलाशिक्षिका रविवारी सकाळी मिळून जातो, एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर बसतो आणि उन्हे चढली की परततो. कोणी सोबत नसेल तेव्हा मी घराची गच्ची, शाळेचे आवार, ओळखीच्या कुटुंबाचे खळे किंवा देवळाची ओवरी निवडते. तापीवरच्या प्रकाशा या गावाचे घाट यासाठी उत्तम आहेत. यात्रेकरूंची वर्दळ असते, पायऱ्यांवर बसण्याची सवय सगळ्यांनाच असते आणि पाण्यावरचा सकाळचा उजेड आयता मिळतो. जागेवर काम करणे याचा अर्थ निर्जन ठिकाणी जाऊन काम करणे असा नाही. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा, कोटीतीर्थ, पंचगंगा हा आपल्याच शहराचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला.

बघ्यांविषयी माझा उपाय साधा आहे. पाठ भिंतीला किंवा झाडाला लागेल अशी बसते, म्हणजे मागे कोणी उभे राहत नाही. मुलांसाठी सोबत कोरे कागद आणि पेन्सिली ठेवते. "तू समोरची बैलजोडी काढ" म्हटले की पोर दहा मिनिटे गप्प बसते, आणि पुष्कळदा बैलाचे वशिंड माझ्यापेक्षा बरे काढते. मोठ्या माणसांशी बोलण्याला पर्याय नाही, पण त्यातही फायदा असतो. पाण्याचे, वाटेचे, कोणत्या झाडाला कधी बहर येतो याचे ज्ञान त्यांच्याकडूनच मिळते.

फाल्गुनात सातपुड्याच्या पायथ्याला पळस फुलतो, तो चुकवू नका. त्या वेळी झाडावर पान जवळजवळ नसते आणि विद्यार्थी सरसकट केशरी ठिपके देऊन मोकळे होतात. एक फूल हातात घेऊन पाहा : पाकळी केशरी असली तरी तिचा देठाकडचा कटोरा काळपट तपकिरी, मखमली असतो. दुरून तो वेगळा दिसत नाही, पण त्या गडदपणामुळेच केशरी इतका पेटतो. फांदीवर आधी गडद तपकिरी ठेवून, त्याला लागून स्वच्छ केशरी द्यावा आणि दोघांमध्ये पाणी येऊ देऊ नये.


चाळीसगाव फाटा (उत्तर)

चर्चेत छायाचित्राचा प्रश्न राहून गेला आहे. ताईंनी आजवर छायाचित्रांवरून काम केले, ते टाकाऊ ठरवण्याचे कारण नाही. परंतु कॅमेरा उन्हातली सावली काळी करतो किंवा उजेड जाळून पांढरा करतो. सावलीच्या आतले जे रंग केळीचा बांध यांनी वर सांगितले, ते डोळ्यालाच दिसतात. म्हणून छायाचित्र आकारासाठी घ्यावे, रंगासाठी घेऊ नये. मी तर घरी आल्यावर चित्राला हातही लावत नाही. जागेवर अर्धवट राहिले ते अर्धवटच राहू द्यावे, असे माझे मत आहे.

आमच्या चाळीसगावातच याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे उदाहरण आहे. केकी मूस (१९१२-१९८९) अनेक दशके घराबाहेर जवळजवळ पडले नाहीत आणि टेबलावर साध्या वस्तू रचून, त्यांवर हवा तसा उजेड टाकून त्यांनी छायाचित्रे घडवली. उजेडावर संपूर्ण ताबा हवा असेल तर त्या वाटेने जावे, तीही थोर वाट आहे. रानात जायचे असेल तर तो ताबा दारातच सोडावा लागतो. माझी तक्रार आहे ती दोन्हींची भेसळ करणाऱ्यांविषयी : सकाळी बाहेर बसून काढलेल्या चित्रात रात्री घरी दिव्याखाली आकाशाला गुलाबी रंग देणाऱ्यांविषयी.


पांझराकाठ (उत्तर)

चाळीसगाव फाटा यांचा आग्रह मला जरा टोकाचा वाटतो. घरी आल्यावर चित्र भिंतीला लावून, दूर उभे राहून पाहिले आणि एखादा टोन कमी पडलेला दिसला, तर तो वाढवण्यात भेसळ कसली? नवा विषय घालू नये, एवढे मान्य. मेच्या दुपारीविषयी लोको शेड यांचे म्हणणे मात्र मी करून पाहीन. निंबाच्या सावलीतून बाहेरचे दृश्य धरण्याचा विचार मी केलेला नव्हता.


शिसपेन्सिल (प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. ॲक्रिलिकची शीट मागवली आहे आणि बर्न्ट सिएना व अल्ट्रामरीन या दोनच रंगांत ढेकळांचे अभ्यास करून पाहणार आहे. पळसफूल ताई, शक्य झाल्यास पुढच्या हंगामात तुमच्या रविवारच्या गटात एकदा यायला आवडेल. एकच शंका उरली आहे : पावसाळ्यात काय करता? आणि सुट्टीत दोनतीन दिवस बाहेर पडायचे झाले, तर कुठे जावे?


पळसफूल (उत्तर)

जरूर या, ताई. बाहेर पडायचे तर तोरणमाळ. सुमारे ११५० मीटर उंचीवर असल्याने उन्हाळ्यातही सकाळ-संध्याकाळ सुसह्य असते. यशवंत तलावाच्या काठी सपाट पाण्याचा आणि सीताखाईच्या कड्यावर खोल दरीचा, असे दोन निरनिराळे विषय एकमेकांजवळच मिळतात. दरीचे चित्र सकाळी घ्यावे. दुपारी ती धुरकट होते आणि पलीकडच्या कड्यांचे थर एकमेकांत मिसळून जातात.


पांझराकाठ (उत्तर)

पावसाळ्यात अडचण नेमकी उलटी होते, कागद वाळतच नाही. तेव्हा शीट घरी ठेवावी, पुठ्ठा बाहेर काढावा, कागद कोरडाच ठेवून त्यावर कमी पाण्याने काम करावे आणि ओल्यात ओले करण्याची सारी हौस याच महिन्यांत भागवून घ्यावी. ऑगस्टमध्ये धुळ्याजवळचा लळिंग किल्ला आणि त्याच्या पायथ्याचे कुरण पाहण्यासारखे असते. पाऊस उघडला की हवा धुतलेली असते आणि दूरच्या डोंगरांच्या कडा स्पष्ट दिसतात, तेव्हा त्यांना नेहमीच्या सवयीने पुसट करू नये. साक्री-नंदुरबारच्या बाजूला गेलात तर सपाट रानात भिंतीसारख्या उभ्या असलेल्या काळ्या खडकाच्या लांबच लांब रांगा दिसतील. भूगर्भातल्या भेगांत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या त्या रांगा आहेत, भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांची एक बाजू उजळ आणि दुसरी पूर्ण सावलीत असते, त्यामुळे टोनच्या अभ्यासासाठी याहून सोपा विषय मला ठाऊक नाही. चांगदेवचे देऊळही पावसाळ्यानंतर पाहावे. तापी-पूर्णेच्या संगमाजवळ तेव्हा पाणी भरपूर असते आणि देवळाच्या काळ्या दगडाच्या सावलीतल्या बाजूवर खालून जमिनीचा उबदार उजेड परततो.

यावल किंवा गौताळा अभयारण्यात बसायचे असेल, तर वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, परवानगी घेऊनच आत जावे. धरणाच्या भिंतीवर आणि रेल्वेच्या आवारात विचारल्याशिवाय पेटी उघडू नये, सुरक्षारक्षक हटकतात आणि त्यांचे बरोबर असते. शाळेचे ओळखपत्र सोबत ठेवा, कलाशिक्षिका आहात असे कळले की बोलणे सोपे जाते.